शेपटीवरच्या अक्षरांवरून हेलिकॉप्टर कुणाचं ते कसं शोधायचं?

रानवाटा

मंडळी, एका कामात मदत हवी आहे.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही सहाजण डोंगरात भटकत होतो. तिसऱ्या दिवशी उतरताना एका मैत्रिणीचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. तिला उचलून खाली नेणं शक्यच नव्हतं. नशिबाने फोन लागला आणि पावणेदोन तासांनी हेलिकॉप्टर आलं. उतरायला सपाट जागा नव्हती. वैमानिकाने एक स्किड, म्हणजे खाली टेकायची लांब नळी, खडकाला टेकवली, दुसरी हवेतच ठेवली आणि मशीन तसंच धरून ठेवलं. धूळ आणि बारीक खडी तोंडावर उडत होती, ते धूड मात्र जागचं हलत नव्हतं. तेवढ्यात दोघं खाली उतरले. मशीन दूर गेलं, दोघांनी तिचा पाय बांधला, मशीन परत आलं आणि दोराने तिला वर घेतलं. मैत्रीण आता काठी घेऊन चालते. पुढच्या महिन्यात काठीही सुटेल म्हणे.

त्या माणसांना आम्हा सहाजणांना पत्र लिहायचंय, पण त्या गडबडीत कुणाचंच नाव विचारलं नाही. हातात आहे तो एकच फोटो, मशीन खडकाला टेकलेलं असतानाचा. शेपटीवर देशाचं चिन्ह स्वच्छ दिसतं, मग आडवी रेघ, मग एच. पुढचं अक्षर ओ किंवा डी. तिसऱ्याच्या आड उतरणाऱ्या माणसाचं हेल्मेट आलंय.

मैत्रिणीची ओळख उघड होऊ नये म्हणून फोटो आणि देश इथे देत नाही. पद्धत सांगा, शोध मी घेते.

हँगरकाका

रानवाटा, मैत्रीण बरी आहे हे वाचून आधी बरं वाटलं. एक स्किड टेकवून मशीन धरणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय. तीस-बत्तीस वर्षं हेलिकॉप्टरच्या देखभालीत काढली. पत्र नक्की लिहा. आमच्या हँगरमध्ये असं एखादं पत्र आलं की ते महिनोन् महिने फळ्यावर असायचं.

आता कामाचं. शेपटीवरच्या खुणेचे दोन भाग असतात. पहिला भाग देश सांगतो, दुसरा त्या देशाच्या नोंदवहीतली जागा. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलं त्या देशाचं नागरिकत्व त्याला मिळतं आणि एका वेळी एकाच देशात नोंदणी चालते. खुणा कशा असाव्यात हे त्या कराराच्या सातव्या परिशिष्टात आहे. अमेरिकेचं एन, ब्रिटनचं जी, जर्मनीचं डी, भारताचं व्हीटी, ऑस्ट्रेलियाचं व्हीएच. यातली बरीच अक्षरं त्या त्या देशाला रेडिओसाठी मिळालेल्या संकेतांतून आली आहेत, म्हणून भारताला आय नाही. तो इटलीकडे आहे.

आडव्या रेघेचाही नियम आहे, फार लोकांना माहीत नसतो. देशचिन्हापुढचा पहिला वर्ण अक्षर असेल तर मधे रेघ द्यायची. अंक असेल तर रेघ लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या आणि जपानच्या मशीनवर रेघ दिसत नाही. तुमच्या फोटोत रेघ आहे म्हणजे हे दोन्ही देश तिथेच गळले.

आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा. शेपटीवरची अक्षरं बदलतात. मशीन विकलं, दुसऱ्या देशात गेलं की जुनी खरवडून नवीन रंगवतात, मी स्वतः खरवडली आहेत. बदलत नाही तो कारखान्याचा अनुक्रमांक. नोंदवहीत मशीन सापडलं की मालकाच्या नावाआधी तो क्रमांक उतरवून घ्या.

भिंगवाला

फोटोबद्दल मी बोलतो, माझा छंदच तो आहे.

पहिलं म्हणजे, फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असेल तर तो बाजूला ठेवा. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दाबलेल्या फोटोत अक्षरांच्या कडा आधी जातात आणि ओ-डीचा निकाल कडेवरच लागतो. डीची डावी बाजू सरळ असते, वरचा आणि खालचा कोपरा टोकदार. ओला डावीकडेही गोलाई असते. फोटो मोठा करून फक्त डावे दोन कोपरे बघा, बाकी अक्षराकडे बघूच नका. पूर्ण अक्षर बघितलं की मन आपल्याला हवं ते वाचतं.

दुसरं म्हणजे मापं. शेपटीवरचं अक्षर निदान ३० सें.मी. उंच असावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे २० सें.मी., आणि रेषेची जाडी एक षष्ठांश, म्हणजे ५ सें.मी. नक्षी नको, साधी मोठी रोमन अक्षरं. याचा फायदा असा की झाकलेल्या अक्षराचा थोडा भाग दिसत असेल तरी ते कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे शेजारच्या अक्षरावरून मोजता येतं. हेल्मेटच्या खाली किंवा बाजूला काही दिसतंय का?

निव्वळ डोळ्यांनी ३० सें.मी.चं अक्षर स्वच्छ हवेत, नजर उत्तम असली तर, जेमतेम २०० मीटरवरून वाचता येतं. हे गणित झालं. प्रत्यक्षात मशीन हलतं, ऊन डोळ्यात येतं आणि अंतर निम्म्यावर येतं. त्यामुळे "मला स्पष्ट दिसलं होतं" असं कुणी म्हणालं तरी फोटोवरच विश्वास ठेवा.

आणखी एक. खूण दोन्ही बाजूंना असते, काही मशीनच्या पोटावरही असते. सहाजणांपैकी कुणी व्हिडिओ काढला असेल तर तो एकेक चौकट पुढे सरकवत बघा. मशीन वळताना एखाद्या क्षणी दुसरी बाजू दिसून जाते.

पानगळ

हा प्रश्न बाळबोध असेल, पण रेघेनंतरचा एच म्हणजे हेलिकॉप्टरचाच ना?

हँगरकाका

पानगळ, प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तर देशागणिक बदलतं. जर्मनीत हो, सगळी हेलिकॉप्टरं डी-एचने सुरू होतात. डेन्मार्कमध्येही ओवायनंतर एच. न्यूझीलंडमध्ये झेडके-एच, आणि ती अक्षरं अपुरी पडल्यावर झेडके-आय. ऑस्ट्रियाने मात्र ओई-एक्स ठेवलंय. स्वित्झर्लंडमध्ये एचबी-एक्स आणि एचबी-झेड. इथे गंमत बघा, एचबी हे देशाचंच चिन्ह आहे, तिथल्या एचचा हेलिकॉप्टरशी काही संबंध नाही. अमेरिका, ब्रिटन, भारत यांनी हेलिकॉप्टरला वेगळं अक्षर ठेवलेलं नाही.

वेगळं अक्षर ठेवणाऱ्या देशात शोध फार सोपा होतो, कारण विमानं आपोआप बाजूला पडतात.

रानवाटा

तुमचे सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळ्यांचे फोन पिंजून काढले. एकीच्या फोनमध्ये ९ सेकंदांचा व्हिडिओ निघाला. त्यात मशीन वळतं आणि जवळपास १५ चौकटींमध्ये उजवी बाजू दिसते. दुसरं अक्षर ओच आहे, डावीकडे स्वच्छ गोलाई आहे. भिंगवाला, फक्त कोपरे बघायची युक्ती फार कामाची.

तिसरं अक्षर व्हिडिओतही धुरकट आहे. पण मूळ फोटोत हेल्मेटच्या खाली त्या अक्षराचा तळ दिसतो. तळाशी डाव्या टोकापासून सरळ आडवी पट्टी आहे.

भिंगवाला

उत्तम! तळाला डावीकडून सरळ पट्टी असणारी अक्षरं मोजकीच: बी, डी, ई, एल आणि झेड. पाच शक्यता उरल्या. सव्वीसवरून पाचवर आलात.

रानवाटा

पाचही नोंदवहीत घालून पाहिल्या. त्या देशाची नोंदवही ऑनलाइन खुली आहे. आमच्या मशीनसारखी पिवळी-लाल मशीनं इंटरनेटवर "एच१४५" या नावाने दिसतात, म्हणून त्या नावाने यादी चाळली. एकही एच१४५ नाही! पाचांपैकी तीन अक्षरजोड्या वापरात आहेत, पण नोंदीत एक "रॉबिन्सन आर४४" आहे आणि दोन कुठली तरी "बीके११७" आहेत. मी देशच चुकले का?

हँगरकाका

नाही हो, तुम्ही दारात उभ्या आहात. ते "बीके११७" म्हणजेच तुमचं एच१४५.

हे नीट सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. कंपनी जे नाव जाहिरातीत वापरते ते वेगळं आणि सरकारी मंजुरीच्या प्रमाणपत्रावर असतं ते वेगळं. नोंदवहीत प्रमाणपत्राचं नाव जातं. बीके११७ हे मशीन जर्मनीची एमबीबी आणि जपानची कावासाकी यांनी मिळून बनवलं, पहिलं उड्डाण १९७९ मधलं. पुढे एमबीबी युरोकॉप्टरमध्ये गेली, २०१४ मध्ये युरोकॉप्टरची एअरबस हेलिकॉप्टर्स झाली, मशीन मुळापासून सुधारत गेलं, पण प्रमाणपत्राची वंशावळ तीच राहिली. म्हणून आजचं एच१४५ कागदावर "बीके११७ डी-२" किंवा "डी-३" असतं. तसंच एच१२५ शोधायचं असेल तर "एएस३५० बी३" शोधा, आणि एच१३० साठी "ईसी१३० टी२".

आता फोटोत वरचे पंखे मोजा. चार असतील तर डी-२, पाच असतील तर डी-३. पण सावध, जुन्या डी-२ ला पाच पंख्यांचं नवं डोकं बसवून डी-३ करता येतं. त्यामुळे नोंदीत उत्पादनाचं वर्ष जुनं दिसलं म्हणून लगेच बाद करू नका.

शेपटीचा पंखा गोल कड्याच्या आत बंदिस्त आहे ना? त्याला फेनेस्ट्रॉन म्हणतात. असेल तर सगळं जुळलं. आर४४ तर सोडूनच द्या. त्याला दोनच पंखे, पिस्टन इंजिन, आणि चार माणसांत ते भरतं. स्ट्रेचर घेऊन डोंगरात जाणारं ते मशीन नव्हे.

शून्यप्रहर

विमानं आकाशातूनच ओळखण्याचाही मार्ग आहे, तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

प्रत्येक नोंदलेल्या मशीनला २४ बिटांचा एक पत्ता मिळतो. मशीनमधला ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल पाठवणारं यंत्र, तो १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतो आणि त्यासोबत स्थान पाठवलं तर त्याला एडीएस-बी म्हणतात. पत्त्यांचे गट देशांना वाटून दिलेले आहेत. सोळा चिन्हांच्या (० ते ९ आणि ए ते एफ) पद्धतीत लिहिलेला पत्ता ए ने सुरू झाला तर अमेरिका, ४० ते ४३ ने सुरू झाला तर ब्रिटन, ३सी ते ३एफ जर्मनी, ८० ते ८३ भारत. अमेरिकेत तर पत्ता आणि शेपटीचा क्रमांक सूत्राने बांधलेले आहेत. ए००००१ म्हणजे एन१, आणि एडीएफ७सी७ म्हणजे एन९९९९९. एकावरून दुसरा हिशेबाने काढता येतो.

तुम्हाला दिवस, वेळ आणि जागा माहीत आहे. फ्लाइटरडार२४ किंवा एडीएस-बी एक्स्चेंज या संकेतस्थळांवर मागच्या तारखेचा नकाशा उघडा आणि त्या दिवशी तुमच्या तीनपैकी कुठलं मशीन त्या बाजूला गेलं ते बघा.

मात्र दरीत हेलिकॉप्टर दिसेनासं होतं. हे सिग्नल सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की संपलं. त्यामुळे नकाशावरची उड्डाणाची रेघ दरीच्या तोंडाशी तुटलेली दिसेल आणि तासाभराने पुन्हा उगवेल. तुटलेली रेघ पाहून निराश होऊ नका. दरीच्या तोंडाशी तुटणं हाच पुरावा.

सावली

मला यात थोडं खटकतंय, मोकळेपणाने लिहिते. उद्या कुणी एखाद्या माणसाच्या मागावर असेल तर त्यालाही हीच पद्धत उपयोगी पडेल. नोंदवहीत मालकाचा पत्तासुद्धा असतो ना?

संपादक मंडळ

सावली यांचा मुद्दा रास्त आहे. या धाग्यावर पूर्ण खूण, कुणाही खाजगी व्यक्तीचं नाव किंवा पत्ता लिहू नये. पद्धतीवर चर्चा चालू राहू द्या.

करारमदार

मी विमानांच्या भाडेकराराचं काम करते, कायद्याच्या बाजूने लिहिते. सावली, हा प्रश्न खुद्द नोंदवह्यांनाही पडलेला आहे आणि प्रत्येक देशाने वेगळं उत्तर काढलंय. अमेरिकेची नोंदवही वर्षानुवर्षं नाव-पत्त्यासह खुली होती. २०२४ च्या कायद्याने खाजगी मालकांना आपला तपशील लोकांपासून झाकायची मुभा दिली आणि २०२५ पासून तसे अर्ज घेणं सुरू झालं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात कुणीही शोधू शकतं. जर्मनीत मालकाचं नाव असं चालता-बोलता मिळत नाही, कारण दाखवावं लागतं.

खुली ठेवण्यामागेही कारण आहे. डोक्यावरून काही टन वजनाचं यंत्र जात असेल तर त्याची जबाबदारी कुणाची हे खालच्या माणसाला कळायला हवं. मला स्वतःला हे पटतं. पण घरचा पत्ता झाकायची सोय हवी, हेही पटतं.

आता रानवाटा यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. नोंदवहीत "मालक" म्हणून जे नाव दिसेल तो कदाचित तुम्हाला हवा असलेला माणूस नसेल. तीन वेगळ्या गोष्टी असतात: यंत्राची मालकी कुणाची, नोंदणी कुणाच्या नावाने, आणि ते उडवतं कोण. मोठी हेलिकॉप्टरं महाग असतात, त्यामुळे अनेकदा ती भाडेपट्ट्यावर देणाऱ्या कंपन्यांची असतात. २०१० मध्ये उभी राहिलेली माइलस्टोन एव्हिएशनसारखी कंपनी तर हेलिकॉप्टरं भाड्याने देण्यासाठीच ओळखली जाते. अमेरिकेत मालकाच्या रकान्यात एखाद्या बँकेचं नाव "विश्वस्त" म्हणून दिसतं आणि खरा लाभधारक पलीकडे असतो. त्या बँकेत हेलिकॉप्टर उडवणारं कुणी नाही.

नोंदवहीचा अर्थही देशागणिक बदलतो. न्यूझीलंडच्या कायद्यात २८ दिवस किंवा जास्त काळ ताब्याचा हक्क असणारा नोंदणीसाठी मालक धरला जातो. कॅनडातही ताबा आणि नियंत्रण कुणाकडे यावर भर आहे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत नोंदणीधारक आणि चालवणारा असे दोन रकानेच वेगळे आहेत, मला ती रचना सगळ्यात प्रामाणिक वाटते. आणि अमेरिकेच्या कायद्यात चक्क लिहिलंय की मालकीचाच वाद असेल तिथे नोंदणीचं प्रमाणपत्र मालकीचा पुरावा नाही.

एक दुःखद पण सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देते. २६ जानेवारी २०२० ला बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट आणि आणखी आठजण ज्या सिकॉर्स्की एस-७६बी च्या अपघातात गेले, त्याचा क्रमांक एन७२ईएक्स. क्रमांक कळताच जगाला मालक कळला, तो होता आयलंड एक्स्प्रेस होल्डिंग नावाची कंपनी. उड्डाण चालवणारी मात्र तिच्याशी संलग्न कंपनी, आयलंड एक्स्प्रेस हेलिकॉप्टर्स. नावं इतकी सारखी की बातम्यांमध्ये दोन्ही एकच समजली गेली. तेच मशीन १९९१ चं होतं आणि आधी इलिनॉय राज्य सरकारकडे होतं, तेव्हा शेपटीवर दुसराच क्रमांक होता. काका म्हणतात तो अनुक्रमांक इथेच लागतो.

शून्यप्रहर

करारमदार, कधी कधी खूणच मालक सांगते असंही असतं ना? ब्रिटनमध्ये अक्षरं निवडून घेता येतात. २७ ऑक्टोबर २०१८ ला लेस्टरच्या स्टेडियमबाहेर कोसळलेलं एडब्ल्यू१६९ होतं जी-व्हीएसकेपी. लेस्टर सिटी फुटबॉल क्लबचे तेव्हाचे मालक विचै श्रीवद्धनप्रभा आणि त्यांची किंग पॉवर कंपनी, अक्षरांत दोन्हींची आद्याक्षरं दिसतात.

करारमदार

दिसतात, पण नोंद कंपनीच्या नावाने होती. अक्षरांवरून सुगावा लागतो, शहानिशा नोंदवहीतच करायची. आणि खास अक्षरं मालक बदलला तरी कधी कधी तशीच राहतात.

पानगळ

आणि लष्कराचं हेलिकॉप्टर असेल तर?

हँगरकाका

मग ही वाटच बंद. शिकागो करार लष्कर, सीमाशुल्क आणि पोलिसांच्या विमानांना लागू नाही. लष्कराचे क्रमांक त्यांचे ते ठरवतात. १९ मे २०२४ ला इराणचे राष्ट्राध्यक्ष रईसी ज्या बेल २१२ च्या अपघातात गेले त्यावर ६-९२०७ असा आकडा होता. इराणचं नागरी चिन्ह ईपी आहे, ते त्यावर नव्हतं, तिथेच कळतं की हे सरकारी मशीन. पोलिसांचं मात्र बघावं लागतं. ब्रिटन आणि जर्मनीत पोलिसांची हेलिकॉप्टरंही नागरी खूण घेऊन उडतात.

रानवाटा यांच्याकडे देशचिन्ह आहे, त्यामुळे ही काळजी नको.

रानवाटा

सापडलं! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

पंखे पाच. व्हिडिओ थांबवून तीनदा मोजले. शेपटीत गोल कडं आहे. म्हणजे आर४४ गेलं, उरली दोन बीके११७. त्यातल्या एकाच्या नोंदीत खाली बारीक अक्षरात "नोंदणी रद्द, निर्यात" असं होतं आणि तारीख आमच्या सहलीच्या आदल्या वर्षीची. पहिल्यांदा बघताना मी ती ओळ वाचलीच नव्हती. उरलं एक. नोंदीत ते डी-२ आहे, उत्पादनाचं वर्षही जुनं. काकांनी सांगितलं नसतं तर पाच पंख्यांमुळे मी तेही सोडलं असतं.

मग शून्यप्रहर यांनी सांगितलं तसं त्या दिवसाचा नकाशा उघडला. रेघ तळावरून निघते, दरीच्या तोंडाशी दुपारी २:४० ला तुटते, ३:३१ ला पुन्हा दिसते आणि सरळ शहराच्या रुग्णालयाकडे जाते. आमच्या फोटोची वेळ २:५२. ती तुटलेली रेघ बघताना हात थरथरत होते. त्या रिकाम्या जागेत आम्ही होतो.

आणि मालक? दुसऱ्याच देशातली भाडेपट्ट्याची कंपनी. करारमदार यांचा प्रतिसाद आधी वाचला नसता तर पत्र तिकडेच गेलं असतं. मग उलट बाजूने शोधलं. त्या देशाच्या हवाई प्राधिकरणाने परवाना दिलेल्या बचाव-उड्डाण संस्थांची यादी खुली आहे, आणि त्यातल्या एका संस्थेने आपल्या मशीनांची यादी खुणांसकट स्वतःच्या पानावर दिली आहे. आमची तीन अक्षरं तिथे आहेत.

पत्र आज टाकलं. तारीख, वेळ, जागा आणि खूण लिहिली, म्हणजे त्या पाळीवर कोण होतं ते त्यांना शोधता येईल. मैत्रिणीने खाली स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या.

हँगरकाका

छान काम केलंत. तारीख आणि वेळ दिलीत ते फार बरं, प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत असते. अनुक्रमांक उतरवून घेतला ना?

रानवाटा

घेतला, काका. वहीच्या पहिल्या पानावर आहे.

सावली

माझी शंका मी मागे घेत नाही, पण ही गोष्ट वाचून डोळे भरून आले. उत्तर आलं तर इथे नक्की लिहा.

भिंगवाला

आणि तो व्हिडिओ जपून ठेवा, मूळ फाइलसकट.

रानवाटा

सात महिन्यांनी धागा वर काढतेय, माफ करा.

उत्तर आलं. त्या दिवशी वैमानिक, डॉक्टर आणि दोर सांभाळणारा यांच्यासह चौघं होते. वैमानिक आता दुसऱ्या तळावर असतो, पत्राची प्रत त्याला पाठवली असं कळवलंय. डॉक्टरांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि पाय आता कसा आहे ते विचारलं. मैत्रिणीने टेकडी चढतानाचा फोटो पाठवून दिला, काठीशिवाय.

काल सहज ती तीन अक्षरं पुन्हा नोंदवहीत घातली. नोंदणी रद्द, निर्यात. पोटात गलबललं. मग काकांची आठवण झाली, वहीतला अनुक्रमांक काढला आणि शेजारच्या देशाची नोंदवही उघडली. आहे तिथे. शेपटीवर नवी अक्षरं, मालक तीच भाडेपट्ट्याची कंपनी, आणि वापराच्या रकान्यात रुग्णवाहतूक.